दृष्टिशास्त्रज्ञ हर्मन हेल्महोल्ट्झ

सर्व इंद्रियांत डोळा श्रेष्ठ असे आपण नेहमी ऐकतो. परंतु त्या श्रेष्ठत्वाचा विचार डोळा बिघडल्यावाचून सहसा कोणी करीत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांचे पोट डोळ्यांच्या आधारावरच चालते. पवनी व मोहाडीकडील कोष्टी मागावर बसून तुटलेला धागा सांधतो, विडी वळणारी स्त्री तेंदूचे पान मापात कातरते, आणि पितळेची भांडी घडविणारा कारागीर हातोडीचा एकेक ठोका नजरेने तोलून मारतो. या लोकांची दृष्टी मंद झाली की त्यांची मजुरी मंदावते. अशा मनुष्याच्या डोळ्यांची परीक्षा करून त्यास योग्य चष्मा देणे, आणि रोगाचे चिन्ह दिसताच त्यास वेळीच नेत्रवैद्याकडे धाडणे, या कामास हल्ली एक स्वतंत्र विद्या मानतात. तिचे नाव ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टिमितिशास्त्र, असे असून आपल्या देशात तिचा पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे.

वैद्यकीच्या महाविद्यालयात प्रवेश न मिळाल्यामुळे पुष्कळ विद्यार्थी या अभ्यासक्रमाकडे वळतात, आणि त्यांपैकी काहीजण आपण दुय्यम प्रतीची विद्या पत्करली असे मानून खिन्न होतात. अशा विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पालकांनी, हर्मन हेल्महोल्ट्झ या जर्मन पुरुषाचे चरित्र अवश्य अवलोकन करावे. ज्या पायावर ही विद्या उभी आहे त्यातील मोठा भाग त्यांनी घातला. आणि तो घालण्यास ते समर्थ झाले याचे एक कारण असे की, तरुणपणी त्यांना हवी ती विद्या शिकावयास मिळाली नाही.

हर्मनचा जन्म 31 ऑगस्ट 1821 रोजी प्रशिया देशातील पॉट्सडाम या गावी झाला. वडील तेथील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. भाषा व तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय. घरात विद्येचा मान मोठा, परंतु शिक्षकाच्या वेतनात चार मुलांचा संसार चालवावयाचा असल्याने द्रव्याची चणचण नेहमीची. त्यातच थोरला मुलगा हर्मन हा जन्मापासून अशक्त. आयुष्याची पहिली सात वर्षे त्याने बहुतेक घरात, आणि त्यांतीलही बराच काळ अंथरुणावर काढला. सोबतीस चित्रांची पुस्तके आणि लाकडी ठोकळे असत. हे ठोकळे एकावर एक रचता रचता आकारांचे परस्परसंबंध त्यास इतके परिचित झाले की, पुढे शाळेत भूमिती सुरू झाली तेव्हा गुरुजी जे सिद्धान्त शिकवू लागले, ते या मुलास हाताने आधीच ठाऊक झालेले होते.

याचा अर्थ हर्मन सर्वच विषयांत हुशार होता असे मात्र नव्हे. एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी त्याच्या स्मरणात राहत नसत. इतिहासातील सनावळी, व्याकरणातील अपवाद, परभाषेतील सुटे शब्द हे सारे त्यास जड जाई. उलट ज्या गोष्टीचे कारण समजले ती तो कधी विसरत नसे. वडिलांच्या जुन्या पुस्तकांत सापडलेले पदार्थविज्ञानाचे ग्रंथ तो आवडीने वाची. वर्गात लॅटिन ग्रंथकारांचे पाठ चालू असताना हा विद्यार्थी मेजाखाली कागद धरून दुर्बिणीतून प्रकाशकिरण कसे जातात याची आकडेमोड करीत बसे. कोणत्याही शिक्षकास हे वर्तन आवडणार नाही. परंतु त्या चोरट्या आकडेमोडीतून त्यास भिंगांच्या गणिताचा जो सराव झाला तो पुढे उपयोगी पडला, ही गोष्टही नाकारता येत नाही.

शाळा संपताना हर्मनचा निश्चय झालेला होता: आपण पदार्थविज्ञानच शिकावयाचे. परंतु त्या काळी पदार्थविज्ञान शिकून पोट भरण्याचा मार्ग दिसत नसे, आणि विद्यापीठाचा खर्च वडिलांना झेपण्यासारखा नव्हता. वडिलांनी एक तोड काढली. बर्लिन येथे सैन्यासाठी वैद्य तयार करणारी फ्रीडरिश विल्हेल्म संस्था या नावाची सरकारी संस्था होती. तेथे निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांस वैद्यकीचे शिक्षण विनामूल्य मिळे. मोबदल्यात शिक्षणानंतर आठ वर्षे सैन्यात वैद्य म्हणून चाकरी करण्याचे वचन द्यावे लागे. हर्मनने ते वचन दिले आणि 1838 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो बर्लिनला गेला.

आवडीच्या विद्येचे दार द्रव्याभावी बंद झाले असता मनुष्य दोन प्रकारे वागतो. कोणी हाती आलेल्या विद्येवर रुसून बसतो, आणि मग त्याची पहिलीही जाते व दुसरीही हाती येत नाही. हर्मन रुसला नाही. तो मन लावून शरीरशास्त्र शिकला, योहानेस म्युलर या थोर गुरूच्या व्याख्यानांस बसला, आणि संस्थेच्या ग्रंथसंग्रहात मदतनिसाचे काम पत्करून फावल्या वेळी तेथील गणिताचे व पदार्थविज्ञानाचे जुने ग्रंथ स्वतःच वाचून काढू लागला. वैद्यकी ही त्याची नेमलेली विद्या व पदार्थविज्ञान ही आवडीची विद्या. दोहोंपैकी एकीसही त्याने सोडले नाही.

या काळातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. 1841 साली हर्मन विषमज्वराने आजारी पडला. संस्थेचा विद्यार्थी म्हणून त्याची शुश्रूषा रुग्णालयात विनामूल्य झाली. त्यामुळे त्या काळातील खर्च वाचला आणि बरा होऊन बाहेर आल्यावर त्याच्या गाठीस थोडी शिल्लक राहिली. त्या पैशातून त्याने सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतले. यंत्र काही उत्तम प्रतीचे नव्हते. तथापि तेवढ्यावर त्याने कणाहीन प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करून आपला प्रबंध लिहिला आणि नोव्हेंबर 1842 मध्ये पदवी मिळविली.

नंतर वचनाप्रमाणे पॉट्सडाम येथील सैन्यात वैद्याची चाकरी सुरू झाली. फौजेच्या बराकीत हेल्महोल्ट्झ यांनी एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. स्नायू काम करतात तेव्हा त्यांत उष्णता किती उत्पन्न होते, याचे मोजमाप ते करीत असत. त्या विचारातून 1847 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी बर्लिनच्या पदार्थविज्ञान मंडळापुढे शक्तीच्या अक्षय्यतेविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. शक्ती नाश पावत नाही, केवळ रूप पालटते, हा सिद्धान्त आज शाळेतील मुलासही ठाऊक आहे. परंतु त्या वेळच्या प्रमुख नियतकालिकाने तो निबंध छापण्याचे नाकारले आणि तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध करावा लागला. त्यांची योग्यता ओळखणारेही काही होते. आलेक्सांडर फोन हुम्बोल्ट या वजनदार शास्त्रज्ञाने शब्द टाकल्यामुळे 1848 साली, मुदत पुरी होण्यापूर्वीच, सरकारने त्यांस सैन्यातून मुक्त केले. पुढल्याच वर्षी क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ओल्गा फोन फेल्टन या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. मज्जातंतूतून संवेदना किती वेगाने जाते हे त्यांनी तेथे बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून मोजले. तो वेग सेकंदास सुमारे 27 मीटर भरला. हा वेग मोजणे मनुष्यास बहुधा साधणार नाही असे खुद्द गुरू म्युलर यांचे मत होते. या प्रयोगांतील आकडे टिपून घेण्याचे काम ओल्गाबाई करीत.

आता ज्या शोधामुळे नेत्रविद्येचे युग पालटले त्याकडे वळू. मनुष्याच्या डोळ्याची बाहुली काळी का दिसते? बाहुली म्हणजे तर केवळ एक छिद्र; त्यातून प्रकाश आत जातो, म्हणून तर आपल्याला दिसते. मग आत गेलेला प्रकाश परत का येत नाही? पूर्वी पुष्कळांची समजूत अशी होती की, आतील काळा थर तो सारा शोषून घेतो. वस्तुतः त्यातील काही अंश परत येतो; परंतु डोळ्यातील भिंगाच्या नियमानुसार तो ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने दिव्याकडे परत फिरतो. त्या वाटेत आपले डोके आणावे तर दिव्याचा उजेडच अडतो. डोके बाजूस ठेवावे तर परत येणारा किरण आपल्या डोळ्यात शिरत नाही. रात्री रस्त्याने येणाऱ्या गाडीच्या उजेडात बैलाचे डोळे चमकताना आपण पाहतो. त्याच्या डोळ्यात आरशासारखा एक थर असल्याने परत फिरणारा प्रकाश पुष्कळ असतो, आणि आपण दिव्याच्या जवळच बसलेले असल्याने तो आपल्यापर्यंत पोचतो. मनुष्याच्या डोळ्यात तसा थर नाही. यामुळे शतकानुशतके वैद्यांस जिवंत मनुष्याच्या डोळ्याचा आतील भाग नीट पाहता आला नव्हता. डोळा बाहेरून निर्मळ असून दृष्टी गेली तर त्या रोगात रोग्यास काही दिसत नसे, आणि त्याच्या डोळ्यात पाहणाऱ्या वैद्यासही काही दिसत नसे.

हेल्महोल्ट्झ यांचे मित्र अर्न्स्ट ब्र्युके यांनी डोळा विशिष्ट रीतीने उजळता येतो हे दाखविले होते. तो विषय 1850 साली आपल्या विद्यार्थ्यांस समजावून देण्याची तयारी हेल्महोल्ट्झ करीत होते. तयारी करताना त्यांनी स्वतःस एक साधा प्रश्न विचारला, जो ब्र्युके यांनी विचारला नव्हता: उजळलेल्या डोळ्यातून बाहेर येणारे किरण कोणती प्रतिमा निर्माण करतील, आणि ती पाहावयाची कशी? शाळेत मेजाखाली दुर्बिणीचे गणित करणाऱ्यास याचे उत्तर अवघड नव्हते. रात्री दिवा लावलेल्या खोलीत खिडकीच्या काचेसमोर उभे राहिले असता काचेत आपले मुख दिसते आणि काचेपलीकडील अंगणही दिसते. कारण काच थोडा प्रकाश परतविते व उरलेला पार जाऊ देते. हाच गुण त्यांनी उपयोगात आणिला. रोग्याच्या बाजूस दिवा ठेवून मध्ये तिरकस काच धरली की दिव्याचा प्रकाश काचेवरून परावर्तन पावून रोग्याच्या डोळ्यात शिरतो. आतून परत फिरलेल्या प्रकाशाचा काही भाग त्याच काचेतून पार होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यात येतो. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून मध्ये एक अंतर्गोल भिंग ठेवावयाचे, इतकाच काय तो सारा खटाटोप.

पुठ्ठा, सरस, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या एवढ्याच साहित्याने त्यांनी पहिले यंत्र जुळविले. प्रथम ते नीट चालेना. तरीही आठ दिवस चिकाटीने खटपट केल्यावर जिवंत मनुष्याचे दृष्टिपटल त्यांना स्पष्ट दिसले. तांबूस पृष्ठभाग, त्यावर फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या, आणि जेथून दृष्टीची नस मेंदूकडे जाते तेथील फिकट वर्तुळ, असा तो देखावा होता. डिसेंबर 1850 मध्ये हा शोध बर्लिन येथे जाहीर झाला आणि पुढल्या वर्षी त्याचे सविस्तर वर्णन पुस्तिकारूपाने निघाले. त्या वेळी हेल्महोल्ट्झ यांचे वय अवघे 29 वर्षांचे होते.

प्रत्येक नव्या वस्तूप्रमाणे या यंत्राचीही प्रथम थट्टा झाली. एका नामांकित शस्त्रवैद्याने रोगी डोळ्यात असा प्रखर उजेड सोडणे धोक्याचे आहे असे सांगून ते वापरण्याचे नाकारले. दुसऱ्याचे मत असे पडले की, ज्या वैद्यांची दृष्टी अधू असेल त्यांना त्याचा उपयोग होईल. आपले डोळे चांगले असल्याने आपल्याला त्याची गरज नाही. परंतु बर्लिनमधील आल्ब्रेश्त फोन ग्रेफे या तरुण नेत्रवैद्याने त्याचे मोल तत्काळ ओळखले. काचबिंदूच्या रोगात दृष्टीच्या नसेचे मुख आतून खोलगट होते, ही गोष्ट या यंत्रामुळे वैद्यांच्या ध्यानात आली. आणि 1857 साली ग्रेफे यांनी त्या रोगावरील आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. जो रोग तोवर असाध्य मानला जात असे त्याच्या काही रोग्यांस तिने आशा दाखविली.

हेल्महोल्ट्झ येथेच थांबले नाहीत. बुबुळावरील पारदर्शक पटलाची वक्रता मोजण्यासाठी त्यांनी दुसरे एक यंत्र रचिले. त्याच तत्त्वावर चालणारी यंत्रे आजही डोळ्यास चिकटून बसणाऱ्या भिंगाचे माप ठरविण्यासाठी, तसेच मोतीबिंदू काढल्यावर बसवावयाच्या भिंगाची शक्ती ठरविताना उपयोगात येतात. मग ते वळले आणखी एका कूट प्रश्नाकडे. दूरचे झाड पाहणारा डोळा क्षणात जवळचे अक्षर कसा वाचतो? हॉलंडमधील क्रामर या संशोधकाने व हेल्महोल्ट्झ यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, जवळ पाहताना डोळ्याच्या आतील नैसर्गिक भिंग अधिक फुगीर होते. त्याची रीत हेल्महोल्ट्झ यांनी 1855 साली उलगडून सांगितली. भिंगाभोवती एक वर्तुळाकार स्नायू असतो. तो आवळला की भिंगास ताणून धरणारे बारीक तंतू सैल पडतात, आणि भिंग आपल्या लवचीकपणाने फुगते. वयोमानाने हे भिंग कठीण होत जाते व फुगेनासे होते. आपल्याकडे या अवस्थेस चाळिशी म्हणतात, आणि तीवर लावावयाच्या चष्म्यासही तेच नाव आहे. मागावर बसणाऱ्या कोष्ट्यास सुताची गाठ दिसेनाशी होते, तेव्हा त्याच्या डोळ्यास रोग झालेला नसतो. भिंगाची लवचीकता ओसरलेली असते, आणि तेवढी उणीव बाह्य भिंगाने भरून काढता येते. हे ज्ञान नसल्यामुळे कसबी मनुष्याने धंदा सोडावा याहून वाईट गोष्ट कोणती?

1856 ते 1867 या काळात त्यांचा दृष्टिशास्त्रावरील महान ग्रंथ तीन भागांत प्रसिद्ध झाला. याच सुमारास हॉलंडमध्ये स्नेलेन यांनी 1862 साली अक्षरांचा तक्ता तयार केला आणि डोंडर्स यांनी 1864 साली चष्म्याच्या शास्त्रावर आपला ग्रंथ लिहिला. भिंतीवर टांगलेला लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आज प्रत्येक दवाखान्यात दिसतो, तो या परंपरेतील. बाजारात एकामागून एक चष्मा नाकावर ठेवून त्यातल्या त्यात बरा दिसेल तो घेण्याची जी जुनी रीत होती, तिच्या जागी मोजून, गणित करून चष्मा देण्याची रीत आली. हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या व्याख्यानांत मानवी डोळ्यातील दोष निर्भीडपणे दाखविले. इतके दोष असलेले यंत्र एखाद्या कारागिराने आणून दिले असते तर आपण ते परत केले असते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तथापि हेच दोषयुक्त इंद्रिय मनाच्या साहाय्याने किती उत्तम काम देते, हेही त्यांनी तेवढ्याच अगत्याने सांगितले.

या यशाच्या काळात घरात दुःखही आले. 1859 साली वडील वारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, दोन लहान मुले मागे ठेवून, ओल्गाबाई निवर्तल्या. त्या वेळी हेल्महोल्ट्झ हायडेलबर्ग येथे प्राध्यापक होते. 1861 साली त्यांनी आना फोन मोल यांच्याशी दुसरा विवाह केला. नाद व श्रवण या विषयांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1863 साली बाहेर पडला. मग 1871 साली ती गोष्ट घडली जिची शाळकरी हर्मनने इच्छा केली होती: बर्लिनच्या विद्यापीठात त्यांची पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पैशाअभावी जे दार सतराव्या वर्षी बंद झाले होते ते पन्नासाव्या वर्षी, सन्मानाने, गुरू म्हणून उघडले. हाइन्रिश हेर्ट्झ व माक्स प्लांक यांसारखे विद्यार्थी तेथे त्यांच्यापाशी शिकले. अमेरिकेहून परत येत असता 1893 साली जहाजाच्या जिन्यावरून पडून त्यांस मोठी दुखापत झाली, आणि 8 सप्टेंबर 1894 रोजी त्यांचा देहान्त झाला.

विद्यार्थिमित्रहो, हेल्महोल्ट्झ यांस इच्छेप्रमाणे प्रारंभीच केवळ पदार्थविज्ञान शिकावयास मिळाले असते, तर काय झाले असते? ते थोर गणिती झालेच असते. परंतु आंधळ्या रोग्यापुढे वैद्य कसा हतबल होतो हे त्यांनी जवळून पाहिले नसते. आणि ते केवळ वैद्य झाले असते तर ती अडचण जाणवली असती, पण किरणांचे गणित येत नसल्याने उपाय सुचला नसता. दोन विद्यांच्या सीमेवर उभे राहिल्यामुळेच त्यांना ते दिसले. पुढे त्यांनी स्वतःही आपल्या शोधाचे श्रेय असेच वाटून दिले.

दृष्टिमितिशास्त्र ही विद्या याच सीमेवर आहे. तिच्या पदवीच्या अभ्यासक्रमात प्रकाशाचे नियम व भिंगांचे गणित आहे, तशीच डोळ्याची रचना व त्याचे रोग आहेत. आणि अखेरच्या वर्षी प्रत्यक्ष रोग्यांसमोर बसून काम करावे लागते. भारतात 1985 साली मद्रास येथे निघालेल्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीने चार वर्षांच्या पदवीचा पाया घातला. आपल्या महाराष्ट्रातही पुणे, मुंबई यांसारख्या ठिकाणी हे शिक्षण मिळते. आणि 2021 सालच्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायास आरोग्यसेवेच्या व्यवसायांत अधिकृत स्थान दिले आहे. दृष्टिमापक शस्त्रक्रिया करीत नाही, आणि नेत्रवैद्याची जागाही घेत नाही. पण काचबिंदूसारखा रोग बहुधा वेदनेवाचून, चोरपावलाने येतो. रोग्यास कळावयाच्या आत जो त्याला ओळखतो आणि वैद्याकडे धाडतो, तो पुष्कळदा चष्म्याचा नंबर काढावयास बसलेला मनुष्यच असतो.

लाखांदूर वा तुमसर तालुक्यातील एखाद्या खेड्यात धानाच्या बांधीत रोवणी करणारी बाई, किंवा फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत म्हणून मठ्ठ ठरलेला मुलगा, आपण होऊन मोठ्या शहरातील नेत्रवैद्याकडे जात नाही. शिकलेल्या मनुष्याने अक्षरांचा तक्ता व भिंगांची पेटी घेऊन त्यांच्याकडे जावे लागते. ज्या विद्यार्थ्यास हव्या त्या महाविद्यालयाच्या यादीत आपले नाव सापडले नाही, त्याने त्या यादीकडे पाहत वर्ष घालवू नये. हाती आलेली विद्या पुरी शिकावी, आवडीची विद्या फावल्या वेळात सोडू नये, आणि आजारातून वाचलेल्या चार पैशांत सूक्ष्मदर्शक घेणाऱ्या त्या शिक्षकपुत्राचे स्मरण ठेवावे.